शेतातल्या गारेचं वय कसं काढायचं?

मृगाचे दोन-तीन दणके होऊन गेले की घोड नदीच्या काठची नांगरलेली रानं बघण्यासारखी होतात. ढेकळं विरघळून खाली बसतात, वरची माती धुऊन जाते आणि खडे, गारा, खापरांचे तुकडे सगळे उघडे पडतात. अशाच एका सकाळी बांधावरून चालताना आमच्या नानांनी वाकून काहीतरी उचललं, सदऱ्याला पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"बघ गं, ही गारच ना? असल्या गारा आपल्या माळावर पायलीला पन्नास आहेत."

नखाएवढा तुकडा होता. लांबी फार तर दीड सेंटिमीटर. दुधी रंगाचा, पण उजेडात धरला की कडेला मधासारखी झाक. एक कड सरळ आणि पातळ, दुसरी कमानीसारखी वळलेली. लिंबाची बारीक फोड असते ना, अगदी तसा आकार. सरळ कडेवर अंगठा ठेवायची भीती वाटावी इतकी तिची धार शाबूत होती. कमानीवरून मात्र नख ओढलं की खरखर लागायची, बारीक कानशीवरून ओढल्यासारखी. ती खरखर म्हणजे माणसाचा हात. कुणीतरी एकामागून एक, मोहरीएवढे टवके उडवून ती कड मुद्दाम बोथट केली होती.

नानांच्या हाताला लागलं होतं ते एक सूक्ष्मास्त्र, म्हणजे गारेचं घडवलेलं इवलंसं हत्यार. या आकाराला अभ्यासक चंद्रकोर म्हणतात. आणि बहुतेक करून तो एका बाणाचा भाग होता.

धार लावण्याऐवजी एक कड बोथट का करायची? कारण हा तुकडा हातात धरून वापरायचा नव्हताच. लाकडाच्या किंवा वेताच्या काडीला खाच पाडायची, खाचेत राळ किंवा डिंक भरायचा आणि त्यात हे तुकडे बोथट बाजूने रोवायचे. बोथट, खरखरीत कड चिकाला घट्ट धरते आणि काडी किंवा बांधलेली तात कापत नाही. एक तुकडा टोकाला, दोन-चार कडेला काट्यांसारखे तिरके. बाण आत शिरला की सहजी बाहेर येत नाही. एखादा दात मोडला तर तेवढाच काढून नवा बसवायचा, सगळा बाण फेकून द्यायचा नाही. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं. तीच चंद्रकोर कधी बाणात, कधी सुरीच्या मुठीत, कधी आणखी कशात बसवता यायची.

हे सगळं अंदाजाने सांगत नाहीये. मध्य भारतातल्या गुहाचित्रांत असे दात असलेले बाण रंगवलेले आहेत. भीमबेटकाची चित्रं वि. श्री. वाकणकरांनी 1957 मध्ये उजेडात आणली, तो याच चित्रांचा मुलूख. आणि उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्ह्यातल्या सराय नाहर राय इथे, 1970 च्या दशकातल्या उत्खननात, माणसाच्या सांगाड्यात रुतलेलं सूक्ष्मास्त्रच सापडलं. त्या माणसाला बाण लागला होता, हे सांगायला आणखी कुणी साक्षीदार नको.

आता अडचण अशी की 'दगडी बाणाचं टोक' असं मोबाइलवर शोधलं की वेगळंच दिसतं. पिंपळाच्या पानासारखं सुबक, दोन्ही अंगांनी घडवलेलं, बुडाशी दोन खाचा असलेलं. ती टोकं बहुतेक अमेरिकेतली. आपल्याकडच्या शेतात तसं टोक सहसा सापडत नाही. त्यामुळे होतं काय, की लोक पानाच्या आकाराचा कुठलाही दगड उचलून 'बाण सापडला' म्हणतात आणि खरी चंद्रकोर गार म्हणून बांधावर फेकून देतात.

अमेरिकेचं उदाहरण मात्र समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे शेतात सापडलेल्या टोकाचं वय नुसत्या आकारावरून बरंच सांगता येतं. 1908 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या फॉल्सम गावाजवळ मोठा पूर आला. त्यानंतर जॉर्ज मॅकजंकिन नावाच्या कृष्णवर्णीय गुराख्याला एका घळीत प्रचंड मोठी हाडं उघडी पडलेली दिसली. ती कुणा साध्या गुराची नव्हेत, हे त्याने ओळखलं. पुढे 1927 मध्ये तिथे खोदकाम चालू असताना, नामशेष झालेल्या गव्यासारख्या बायसनच्या बरगड्यांमध्ये एक दगडी टोक जसंच्या तसं मिळालं. ते उचललं नाही. जागेवरच ठेवून बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावून दाखवलं. हिमयुगातल्या जनावराला माणसाने मारलं होतं, म्हणजे अमेरिकेत माणूस तेव्हा होता, हा वाद त्या एका टोकाने मिटवला. तेव्हापासून बुडापासून टोकापर्यंत लांब पन्हळ पाडलेलं टोक दिसलं की ते फॉल्सम. पन्हळ अर्धवट आणि टोक मोठं असेल तर त्याच्याही आधीचं क्लोव्हिस, सुमारे 13 हजार वर्षांपूर्वीचं. त्यानंतरही तिथल्या लोकांनी बुडाच्या खाचा, कोपरे, देठ वारंवार बदलले. त्यामुळे अभ्यासक आधी टोकाचं बूड बघतात. टोक तर मोडतं, पुन्हा घासलं जातं. बूड काडीत बांधलेलं असल्याने मूळ रूपात राहतं.

आपल्या दख्खनमध्ये हे घड्याळ चालत नाही. चंद्रकोर, त्रिकोण, समलंब चौकोन, एका बाजूने बोथट केलेली पाती हे आकार एकदा जे सुरू झाले ते हजारो वर्षं टिकले. मध्य प्रदेशातल्या मेहताखेडी इथली सूक्ष्मास्त्रं सुमारे 45 हजार वर्षांपूर्वीची ठरली आहेत. आंध्रातल्या ज्वालापुरमची सुमारे 35 हजार वर्षांपूर्वीची. पुढे मध्याश्मयुग, म्हणजे ढोबळमानाने 10 हजार वर्षांपूर्वीपासूनचा काळ, हा तर सूक्ष्मास्त्रांचाच काळ म्हणून ओळखला जातो. आणि त्याही पुढे शेती करणारी, तांबं वापरणारी, रंगवलेल्या मडक्यांत धान्य साठवणारी माणसंही गारेची पाती काढतच होती. म्हणून कुणी तुमच्या हातातली एकटी चंद्रकोर बघून 'ही आठ हजार वर्षांची' असं ठामपणे सांगितलं, तर विचारा, कशावरून?

पण वयाच्या आधी ओळख. ते माणसाने घडवलेलं आहे का, हेच पुष्कळदा चुकतं.

आपला मुलूख काळ्या कातळाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत सिलिका साचून गारा तयार झाल्या: दुधी कॅल्सेडोनी, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, लालभडक किंवा हिरवट जास्पर, आतून लुकलुकणारे स्फटिक. कातळ झिजून माती झाली, गारा मात्र झिजत नाहीत. त्या शेतात राहतात. म्हणजे गार सापडणं ही बातमी नाही. बैलगाडीच्या चाकाखाली, नांगराच्या फाळाखाली, हल्ली रोटाव्हेटरच्या पात्याखाली त्या फुटतात आणि फुटल्या की धारदारच फुटतात.

मग फरक कुठे बघायचा? गार काचेसारखी फुटते. नेमक्या जागी ठोका बसला की छिलका सुटतो आणि त्याच्या आतल्या अंगावर, ठोक्याच्या जागेखाली, एक लहानसा फुगवटा उमटतो. त्याच्याभोवती पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा मंद लाटा. तिरप्या उजेडात फिरवून बघितलं की हे दिसतं. सपाट उजेडात नाही. मी सकाळी किंवा दिवेलागणीच्या आधीच बघते. बाहेरच्या अंगावर आधी निघालेल्या छिलक्यांचे व्रण असतात. पात्याच्या पाठीवर एक किंवा दोन सरळ कण्याच्या रेषा, धारेला समांतर धावणाऱ्या. निसर्गाने फोडलेल्या गारेत एखादा फुगवटा योगायोगाने येईल, पण फुगवटा, समांतर कणे आणि एका कडेला सारख्या मापाचे बारीक टवके हे तिन्ही एकत्र आले तर तो योगायोग नव्हे.

कडेचे टवके नीट वाचता आले पाहिजेत. माणसाने केलेले टवके एकाच दिशेने, एकाला लागून एक असतात आणि त्यांच्यावरही बाकीच्या दगडासारखाच जुनेपणाचा थर चढलेला असतो. नांगराचे टवके कुठेही, कसेही, मध्ये मध्ये मोकळी जागा सोडून. आणि ते ताजे असतात: बाकी दगड मळकट, पण टवक्याच्या आत स्वच्छ, चकचकीत. नव्या जखमेसारखं ते लगेच वेगळं दिसतं.

एक गोष्ट जुन्या माणसांना विचारली तर लगेच कळते. आगपेटी घरोघर यायच्या आधी चकमक होती. गार, पोलादाचा तुकडा आणि विस्तव धरायला कापूस. गारेवर पोलाद झडपून झडपून तिची कड ठेचली जायची. असा तुकडा शेतात हरवला तर तो शे-दीडशे वर्षांचाही असू शकतो, हजारोंचाच असेल असं नव्हे. त्याच्या कडेचे टवके आखूड, पायरीसारखे तुटलेले, एकावर एक चढलेले असतात. जुन्या चापाच्या बंदुकीतही गारेचा चौकोनी तुकडा बसवत. गडाखालच्या रानात हे लक्षात ठेवावं.

आणि एक इशारा. ऑनलाइन 'प्राचीन अकीकाचा बाण' म्हणून जे सुंदर, रंगीत, तुळतुळीत काठांचे तुकडे विकायला असतात, त्यातले कितीतरी गुजरातेतल्या खंबातच्या कारागिरांनी आत्ताच घडवलेले असतात. त्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर अकीक टेकवून, शिंगाच्या हातोडीने ठोकून छिलके काढायची त्यांची रीत बघून अभ्यासक जुनं तंत्र समजून घेतात. फसवणूक ते करत नाहीत, त्यांच्या मालाला 'प्राचीन' म्हणणारा करतो.

आता वय. कोळसा, हाड, जळकं धान्य असेल तर त्यातल्या कार्बनवरून काळ काढता येतो. जिवंतपणी शरीरात आलेला किरणोत्सारी कार्बन मेल्यावर घटत जातो, दर 5,730 वर्षांनी अर्धा. सुमारे 50 हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. पण गारेत कार्बन नाही. ती आगीत चांगली तापली असेल तर ती कधी तापली हे प्रयोगशाळेत काढता येतं. एरवी वय काढतात ते ती ज्या थरात होती त्या थराचं. वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं हे मोजण्याची एक पद्धत आहे. कण अंधारात गाडले गेले की आजूबाजूच्या किरणोत्साराची ऊर्जा त्यांच्यात साठत जाते. प्रयोगशाळेत प्रकाश दाखवला की ती बाहेर पडते आणि साठा किती, त्यावरून गाडल्याचा काळ कळतो. या सगळ्यात एक अट आहे: दगड आणि थर यांची ताटातूट झालेली नसावी. नांगरलेल्या शेतात वरच पडलेली चंद्रकोर ही ताटातूट झालेली वस्तू आहे.

तरी मार्ग उरतो, तो सोबत्यांचा. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचून जिथे पूर्वी माणसं राहिली तिथली माती पांढुरकी होते. पुरातत्त्वाचे विद्यार्थी गावात गेले की पहिला प्रश्न विचारतात, पांढरीचं टेकाड कुठे आहे? अशा टेकाडाजवळ गारेची लांब, समांतर कडांची पाती मिळाली आणि त्यांच्याबरोबर लाल पृष्ठभागावर काळ्या रेघांची नक्षी असलेली खापरं मिळाली, त्या खापराला टिचकी मारल्यावर धातूसारखा खणखणीत आवाज आला, तर ते जोर्वे संस्कृतीचं खापर असण्याची दाट शक्यता. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. इसवी सनापूर्वी 1400 ते 700 हा तिचा काळ. घोड नदीवरच्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथल्या घरांत अशी पाती ढिगांनी निघाली. त्या कारागिरांची एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गारेच्या गाभ्यावर, म्हणजे ज्यातून पाती काढायची त्या मूळ तुकड्यावर, ते आधी दोन्हीकडून टवके काढून नागमोडी कणा तयार करत. त्या कण्याच्या टोकाला ठोका दिला की पहिलं पातं कण्यासकट निघे आणि पुढची पाती सरळ सुटत जात. तो कणा असलेला तिकोनी पट्टा हाती लागला तर पाती पाडण्याचं काम तिथेच जवळपास चालत होतं, असं समजायला हरकत नाही.

खापर अजिबात नाही, पांढरी नाही, उघडा माळ किंवा टेकडीचा उतार आहे आणि चंद्रकोरी, त्रिकोण, लहान गाभे, छिलक्यांचा चुरा एकाच टप्प्यात विखुरलेला आहे, तर मडकी येण्याआधीच्या शिकाऱ्यांचा विचार करावा. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे सा. अ. साळी यांनी 1970 च्या दशकात खोदलं तेव्हा उत्तर पुराश्मयुगापासून (मध्याश्मयुगाच्या आधीचा काळ) मध्याश्मयुगापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षीही तिथलीच, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीची. आपल्या खानदेशात तेव्हा शहामृग होते. अशी थरांची जागा हे मोजमापाचं मूळ माप. इतर ठिकाणची उघड्यावरची हत्यारं त्याच्याशी ताडून बघतात. आणि नदीच्या काठच्या दगडगोट्यांच्या घट्ट थरातून तळहाताएवढे छिलके किंवा हातकुऱ्हाडी निघत असतील, जशा गोदावरीवर नाशिकजवळच्या गंगापूरला किंवा प्रवरेवर नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाल्या, तर आपण बाणांच्या कितीतरी आधी गेलो.

मुंबईकरांनी हे फक्त घाटावरचं समजू नये. के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने 1930 च्या दशकात कांदिवली परिसरातून दगडी हत्यारं नोंदवली होती. आज तिथे काय उभं आहे ते सांगायला नको.

सोबत्यांवर विसंबतानाही एक खाच आहे आणि ती शेतकऱ्यालाच माहीत असते. पांढरीची माती कसदार, म्हणून पूर्वापार लोक ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकत आले. तिच्याबरोबर खापरं आणि पातीही गेली. तेव्हा शेतात जोर्वे खापर मिळालं म्हणजे तिथे वस्ती होती, असं लगेच म्हणू नये. आधी विचारावं, इथे बाहेरची माती पडली आहे का? हे उत्तर कुठल्याही प्रयोगशाळेत मिळत नाही, घरातल्या आजोबांकडे मिळतं.

ठिकाणाची नोंद सुटली की काय होतं, याचं एक ठळक उदाहरण आपल्याच नगर भागातलं. 1974 मध्ये दायमाबादला छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचा बुंधा खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोंहून जास्त वजन. त्या देशाच्या ठेव्यात आल्या, हे मोठं काम झालं. पण त्या नेमक्या कुठल्या थरातल्या हे उत्खननात टिपलेलं नसल्याने त्यांच्या काळावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. थर माहीत असला तरी सगळं सुटतं असंही नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर पुराश्मयुगीन हत्यारं मिळाली. त्या राखेचं वय कुणी 14 लाख वर्षं काढलं, कुणी पावणेसात लाखांच्या आसपास, तर कुणी ती 75 हजार वर्षांपूर्वीच्या इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या स्फोटाची मानली.

माझ्या हातूनही असं एकदा घडलं आहे. शिकत असताना एका दिवसात दोन रानं फिरले आणि दोन्हीकडचे तुकडे एकाच रुमालात बांधून आणले. संध्याकाळी गाठ सोडली तेव्हा कुठला कुठला हे मलाच सांगता येईना. त्यात एक फार सुंदर त्रिकोण होता. तो आजही माझ्याकडे आहे आणि त्याच्याबद्दल मला काहीच सांगता येत नाही.

म्हणून तुमच्या शेतात असं काही दिसलं तर उचलायच्या आधी मोबाइलने जागेवरचा फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. लोकेशन चालू ठेवा. गट नंबर, जमीन काळी की पांढरी की मुरमाड, शेवटची नांगरट किती खोल, आसपास खापर किंवा चुरा आहे का, एवढं लिहून ठेवा. तुकडा साध्या पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको, आम्ल नको, कारण धारेवर गवत-धान्य कापल्याची बारीक चकाकी असेल तर ती घासली जाईल. एका जागेचे तुकडे एका पाकिटात. खणून मात्र बघू नका. आणि मग जवळच्या विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग, पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा राज्याचं पुरातत्त्व संचालनालय यांना कळवा. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करणं आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवणं 1972 च्या कायद्याने बंद आहे, तेव्हा 'किती रुपये मिळतील' हा प्रश्न मनातून काढून टाका.

नानांच्या चंद्रकोरीचं पुढे काय झालं? आम्ही दोघं त्या पट्टीत पुन्हा फिरलो, ओळीओळीने, तूर पेरतात तसे. खापराचा एक तुकडा नाही. पांढरीची माती तिथे कधी टाकली नाही, हे नाना शपथेवर सांगतात. पण वरच्या माळाकडून येणाऱ्या ओघळीत अंगठ्याएवढा एक गाभा मिळाला, चारही बाजूंनी पाती काढून संपवलेला, आणि त्याच्या भोवती दुधी छिलक्यांचा चुरा. म्हणजे हत्यारं घडवण्याची जागा वर माळावर असावी आणि चंद्रकोर पाण्याबरोबर खाली वाहून आली असावी. मडक्यांच्या आधीची, इतकं म्हणता येईल. त्याहून नेमकं तो माळ सांगेल, जर त्याखाली एखादा थर शाबूत असेल तर. नानांनी वहीत गट नंबर लिहिला, खाली तारीख टाकली आणि पुढच्या उन्हाळ्यात माळावर नांगर घालायचं थांबवलं.